लॉटरीचा पैसा घरी आणताना: उसाचं बिल की दुधाचं बिल?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी दोन वाटांनी पैसा येतो. ऊस कारखान्याला गेला की त्याचं बिल वर्षातून एक-दोनदा, मोठ्या आकड्यात. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी, थोडं थोडं. उसाच्या बिलात सोसायटीचं कर्ज वळतं होतं, लग्न निघतं, ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता जातो. घरातला गॅस, भाजी, पोरांच्या वह्या मात्र दुधावर चालतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राज्य लॉटरीचं २५ लाखांचं बक्षीस लागलं. अण्णांचं वय तेव्हा ६६. कागदपत्रं, वाशीची फेरी, टॅक्स, बँक हे सगळं मी केलं, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी अडखळलो. ‘पैसे एकदम घ्यायचे की हप्त्यानं’ हा प्रश्न तर आम्हाला चुकीच्या जागी पडला होता. अमेरिकेतल्या लॉटरीचे व्हिडिओ बघून धाकटा भाऊ म्हणाला, “फॉर्मवर तसा रकाना असेल.” नसतो. आपल्याकडे निवड करायची असते, पण ती पैसे खात्यात आल्यावर आणि आपली आपणच. तुमच्यावर अशी वेळ आली तर पुढच्या क्रमानं जा.

१. पेढ्यांच्या आधी तिकीट

तिकिटाच्या मागे लगेच सही करा, नाव आणि पत्ता लिहा. सही नसलेलं तिकीट हरवलं तर ते आपलं होतं हे पटवून देणं फार अवघड. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा, पण तो फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. मूळ तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेच्या लॉकरमध्ये, नाहीतर ज्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते त्या कपाटात. लॅमिनेशन अजिबात नको. आमचा भाऊ त्यासाठी निघालाच होता, त्याला फाटकातून परत आणला.

निकाल लॉटरीच्या अधिकृत निकालपत्रावर स्वतः ताडून बघा. मालिका, अक्षरं, आकडे, सोडतीची तारीख, सगळं. मागच्या बाजूला दावा करायची मुदत आणि नियम बारीक अक्षरांत छापलेले असतात, ते चष्मा लावून वाचा. मुदत टळली की पैसे सरकारजमा.

या दिवसांत तीन प्रकारची माणसं भेटतात. पहिला म्हणतो, “तिकीट मला द्या, बक्षिसापेक्षा जास्त रोख देतो.” त्याला त्याचा काळा पैसा पांढरा करायचा असतो. तिकीट विकलंत तर त्या गुन्ह्यात तुम्हीही आलात. दुसरा फोनवर भेटतो: केबीसीच्या नावानं २५ लाख लागलेत, आधी ‘प्रोसेसिंग’चे पैसे भरा. न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही, आणि सरकारी लॉटरी बक्षीस द्यायला आधी पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. तिसरा म्हणजे लांबचा पाव्हणा. त्याचं मी काय सांगणार!

भिशीसारखं चार-पाच जणांनी मिळून तिकीट काढलं असेल तर दावा करण्याआधी कुणाचा वाटा किती हे लिहून, सह्या घेऊन ठेवा. दावा एकाच्या नावानं गेला की कागदोपत्री सगळी रक्कम त्याचीच दिसते.

२. हे कागद गोळा करा

- मूळ तिकीट आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स
- बक्षीस मागणीचा अर्ज, पूर्ण भरलेला
- पॅन कार्ड
- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- बँक पासबुकाचं पहिलं पान आणि रद्द केलेला चेक
- पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो

आमचा घोळ नावात झाला. आधारवर पूर्ण नाव, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि बँकेत अण्णांचं नाव गावात हाक मारतात तसं. तीन कागद, तीन माणसं! दुरुस्तीत पंधरा दिवस गेले. तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. खातं जनधनचं किंवा बऱ्याच दिवसांत न वापरलेलं असेल तर आधी शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करा, नाहीतर मोठी रक्कम अडकते.

३. वाशीची फेरी

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. ती राज्याच्या वित्त विभागाखाली येते. छोटी बक्षिसं विक्रेताच देतो, मोठ्यासाठी नवी मुंबईत वाशीच्या कार्यालयात दावा करावा लागतो. सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स वाशीवरूनच जातात, सकाळी उतरून काम करून रात्री परत येता येतं. विजेत्यासोबत एक माणूस असावा, दोनच्या वर नको. तिकीट हातात देताना तारीख-शिक्क्याची पोच घ्या. ती पोच म्हणजे पैसे येईपर्यंतचा तुमचा सातबारा.

आमचे पैसे जानेवारीत आले. तोवर कुणाला शब्द देऊ नका, विसार तर नकोच.

४. टॅक्स: खात्यात आलेले सगळे पैसे तुमचे नाहीत

लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, वर ४ टक्के उपकर. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी लागतो. पहिल्या काही लाखांना मिळणारी सूट इथं नाही. विमा, पीपीएफ दाखवून वजावट नाही. वीस वर्षं काढलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही (अण्णांनी हे दोनदा विचारलं).

खरी फसगत पुढे आहे. पैसे देताना ३० टक्केच कापून घेतात. उपकर आणि मोठ्या रकमेवरचा अधिभार त्यात नसतो, तो आपण भरायचा. आमचा हिशेब असा झाला:

बक्षीस २५,००,००० रुपये. कापले ७,५०,०००. खात्यात आले १७,५०,०००. प्रत्यक्ष कर ७,८०,०००. म्हणजे अजून ३०,००० देणं बाकी. हातात राहिले १७ लाख २० हजार.

तीस हजार ऐकायला किरकोळ वाटतात. पण बक्षीस १ कोटीचं असेल तर? उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के अधिभार लागतो. कर ३० लाख, अधिभार ३ लाख, त्यावर उपकर १ लाख ३२ हजार, एकूण ३४ लाख ३२ हजार. कापलेले असतात ३० लाख. ४ लाख ३२ हजार तुमच्या खात्यात पडून असतात आणि ते सरकारचे असतात. १ कोटीच्या वर अधिभार १५ टक्के होतो, २ कोटींच्या वर २५. ही रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. ती आगाऊ कर म्हणून भरायची असते, त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पैसे जानेवारीत आले असतील तर आधीच्या तारखा चुकल्याचं व्याज लागत नाही, पण मार्चपर्यंत भरायला हवेत. आम्ही १२ मार्चला भरले. सांगलीतल्या सीएनं विचारलं नसतं तर त्या पैशांचा गोठा झाला असता.

५. एकदम की हप्त्यानं: हिशेब कसा मांडायचा

आपल्या भागात ‘एकरकमी’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि ते तुकड्यांत नको, एकरकमी हवेत, यासाठी इथं रस्ते अडवले गेले आहेत. त्यामागचा विचार बरोबर आहे: कारखान्याकडे अडकलेल्या पैशाचं व्याज शेतकऱ्याच्या डोक्यावर चढतं. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा, एवढंच त्या घोषणेत आहे, आणि लॉटरीचा हिशेबही तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेत पॉवरबॉलचा जॅकपॉट लागला की विजेत्याला दोनातलं एक निवडावं लागतं. एक, जाहीर झालेली पूर्ण रक्कम २९ वर्षांत ३० हप्त्यांनी, दर हप्ता आधीच्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा. दोन, आत्ता रोख, पण बरीच कमी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात २.०४ अब्ज डॉलरचा जॅकपॉट लागला, त्याची रोख रक्कम ९९.७६ कोटी डॉलर होती, निम्म्याहून कमी. विजेत्यानं रोखच घेतली. हप्ते घेतले असते तर पहिला साधारण ३ कोटी डॉलरचा आणि शेवटचा साडेबारा कोटींच्या पुढचा आला असता.

बाकीचे पैसे कुणी खाल्ले? कुणीच नाही. जमलेला पैसा मुळात रोख रकमेएवढाच असतो. तो सरकारी रोख्यांत गुंतवून २९ वर्षांच्या व्याजासकट जी बेरीज होते, ती फलकावर रंगवतात.

हे पाहून इंटरनेटवरून परदेशी तिकीट काढायचा मोह झाला तर आवरा. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशात पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत बंदी आहे.

आता हा हिशेब आपल्या आकड्यांत. समजा कुणी म्हणालं, आज १० लाख घ्या, नाहीतर दर वर्षअखेरीला १ लाख असे २० वर्षं घ्या. बेरीज २० लाख दिसते, दुप्पट! पण तुमचा पैसा सुरक्षित ठिकाणी ८ टक्क्यांनी वाढू शकत असेल तर त्या वीस हप्त्यांची आजची किंमत ९ लाख ८२ हजार आहे. १० लाख रोख बरे. सुरक्षित व्याज ७ टक्केच मिळत असेल तर तेच हप्ते आज १० लाख ५९ हजारांचे. मग हप्ते बरे. बेरीज बघून ठरवू नका, व्याजाचा दर बघा.

गावातल्या निवृत्त गुरुजींना विचारा, त्यांनी हे गणित ‘अंशराशीकरण’ या नावानं केलेलं असतं. सरकारी पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, १५ वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. आमच्या शेजारच्या गुरुजींनी त्यात घर बांधलं आणि पंधरा वर्षं कमी पेन्शनवर काढली. त्यांना त्याची खंत नाही. पण ते विक्रीला काढतात पेन्शन, आणि लॉटरीवाल्याला पैसे देऊन पेन्शन विकत घ्यायची असते, म्हणजे उलटा व्यवहार.

गणिताच्या बाहेरचं एक कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. खात्यात सतरा लाख दिसतात तोवर प्रत्येकाकडे त्यासाठी योजना असते. महिन्याला नऊ हजार येतात म्हटलं की कुणी मागत नाही. दुधाच्या बिलातून कधी कुणी हातउसने मागितलेत?

६. तीन महिने हात लावू नका

टॅक्सचे पैसे बाजूला, बाकी सगळं मोठ्या बँकेत तीन-सहा महिन्यांच्या ठेव पावतीत. याला अपवाद एकच, महागडं कर्ज. सावकार, सोनेतारण, क्रेडिट कार्ड हे त्याच आठवड्यात मिटवा. १२-१८ टक्के व्याज भरत असताना ७ टक्क्यांच्या पावत्या करणं म्हणजे गळक्या टाकीत मोटार चालू ठेवणं. आमचे सोनेतारणाचे आणि सोसायटीचे मिळून २ लाख २० हजार गेले. आईच्या पाटल्या घरी आल्या.

७. स्वतःचं दुधाचं बिल बांधा

घरात ६० पूर्ण झालेलं माणूस विजेता असेल तर पहिलं नाव ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं. पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं, एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख, मुदत ५ वर्षं. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला, आम्हाला तोच मिळाला. तुम्ही खातं काढता त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये. वय ५५ ते ६० असेल तर हे खातं फक्त निवृत्तीच्या पैशातून काढता येतं, लॉटरीच्या नाही. काउंटरवर जाऊन परत येण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना. एकट्याच्या नावानं ९ लाख, जोडखात्यात १५ लाख, वयाची अट नाही. ७.४ टक्क्यांनी ४ लाखांवर महिन्याला २,४६७ रुपयांच्या आसपास.

तिसरी, विमा कंपनीची तात्काळ पेन्शन, कागदावर जिला ‘वार्षिकी’ म्हणतात. एलआयसीची जीवन अक्षय यातलीच. खरी आयुष्यभराची पेन्शन हीच, बाकी योजना पाच वर्षांनी परत दारात उभ्या राहतात. एकदा दर ठरला की मरेपर्यंत तोच. पण पर्याय नीट वाचा: मूळ रक्कम वारसांना परत मिळणार असेल तर पेन्शन कमी, मिळणार नसेल तर जास्त. नवऱ्यानंतर बायकोला चालू राहणारा पर्याय वेगळा. दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढणाराही एक पर्याय आहे, त्यात सुरुवात कमी आकड्यानं होते. अण्णांनी ही घेतली नाही, कारण गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर होतं आणि यातले पैसे सहज सुटत नाहीत. मूल-बाळ नसलेल्या किंवा पोरांचा भरवसा नसलेल्या जोडप्यानं मात्र आधी हिच्याकडेच बघावं, असं माझं मत.

विजेता चाळिशीतला असेल तर सगळं पेन्शनमध्ये घालू नये. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत ठरलेल्या रकमेची किंमत निम्मी होते. दुधाचा दर तरी अधूनमधून वाढतो, पावतीचं व्याज वाढत नाही. काही भाग चांगल्या म्युच्युअल फंडात ठेवून नंतर दरमहा ठराविक रक्कम काढत राहणं हा मार्ग आहे, पण बाजार पडला की छातीत धडकी भरणाऱ्यानं तो धरू नये.

आमची वाटणी शेवटी अशी झाली: कर्ज २ लाख २० हजार, घराचं छप्पर १ लाख, ज्येष्ठ नागरिक योजना १० लाख, मासिक प्राप्ती जोडखातं ४ लाख. महिन्याला सरासरी ९,३०० रुपये.

८. अर्धा टक्का जास्त देणारी पतसंस्था

हे वेगळं लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात याचे चटके घरोघरी आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका माणसाला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नाही. पतसंस्था बँक नव्हे, दारावर कितीही मोठी पाटी असू दे. आमच्या चुलत्यांची निवृत्तीची रक्कम अशाच एका संस्थेत अडकली. संचालक ओळखीचे होते, कार्यालय चकचकीत होतं, दिवाळीला मिठाई घरपोच यायची. पैसे काही आले नाहीत. बक्षिसाची बातमी फुटल्यावर दाराशी आलेली पहिली मोटारसायकल पतसंस्थेच्या माणसाची होती, दुसरी विमा एजंटची. एजंट ‘पेन्शन’ म्हणून जे विकत होता त्यात दर वर्षी आपणच हप्ता भरायचा होता. आपल्याला पैसे यायला हवेत की जायला हवेत, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा.

९. नावं आणि वारस

अण्णांना सगळं आईच्या नावावर ठेवायचं होतं. ठेवता येतं, नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशावर तिला कर नाही. पण त्या पैशाचं व्याज आयकरात अण्णांच्याच उत्पन्नात धरलं जातं. सज्ञान मुलांना दिलं तर तसं होत नाही, मात्र दिलेलं परत मागता येत नाही. प्रत्येक खात्याला वारसदाराचं नाव लावा, आणि दोन मुलं असतील तर मृत्युपत्रही करा. वारसदार म्हणून नाव असणं म्हणजे मालकी असणं नव्हे, हे भावकीत फार उशिरा कळतं.

१०. रिटर्न आणि फाईल

पुढच्या जुलैअखेरपर्यंत आयकर विवरणपत्र भरा. पगारदारांचा सोपा फॉर्म, आयटीआर-१, लॉटरीला चालत नाही. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र लॉटरी कार्यालयाकडून घ्या आणि ती रक्कम तुमच्या पॅनच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या तक्त्यात, दिसते का ते बघा. सीएला दुधाचं बिलही दाखवा, आयकराच्या लेखी दूध शेतीच्या उत्पन्नात बसत नाही.

पोच, प्रमाणपत्र, चलन, पासबुकं, पावत्या हे सगळं एका फाईलमध्ये. फाईलच्या आतल्या बाजूला मुदती संपायच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं ५ वर्षांनी आणखी ३ वर्षं वाढवता येतं, त्यासाठी मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. आमच्या फाईलवर ती तारीख अण्णांनी स्वतः लिहिली आहे, खाली ऊस तुटायची तारीखही आहे.